स्वीकारलेल्या सूचना

४ मार्च

बाबा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायला हात वळत नाही, तेव्हा नुसतंच बाबा. आत्याकडून तुमचा निरोप पोचला. "विचार तिला, झालं का डॉक्टरांच्या मागे फाइल घेऊन फिरून?" आत्याने तो तुमच्याच आवाजात ऐकवला, नाकातून. याचं उत्तर मी फोनवर देणार नाही. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता आणि मी ठेवलेल्या फोनवर ओरडत बसते. पत्र अर्धवट टाकून दिलंत तरी निदान मला दिसणार नाही.

तर, नाही झालं फिरून. अजून तेवीस दिवस आहेत. सत्तावीस तारखेला शेवटची तपासणी, मग हातात कागद, आणि मग मी फक्त गोळ्या मोजून पुडीत घालणारी राहणार नाही. तुम्हाला दोन वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही की मी इथे नेमकं काय करते. न विचारता सांगते.

सकाळी साडेसातला वॉर्डात जायचं. डॉक्टर यायच्या आधी प्रत्येक पेशंटची औषधं, काल आलेले रक्ताचे रिपोर्ट, वजन, किडनी कशी चाललीय, घरून कुठल्या गोळ्या घेत आला, हे सगळं बघायचं. कुठे डोस जास्त वाटला, कुठे दोन औषधं एकमेकांच्या अंगावर येत असली, तर तसं लिहायचं. केसपेपरवर लिहायची आम्हाला परवानगी नाही. आमच्यासाठी गुलाबी चिठ्ठ्या आहेत, त्या केसपेपरला क्लिपने लावायच्या. राउंडला डॉक्टर वाचतात आणि बरोबरची खूण करतात नाहीतर फुली मारतात. संध्याकाळी चिठ्ठ्या आमच्या मॅडमकडे जातात, त्या रजिस्टरात चढवतात. तीन महिन्यांच्या एका वॉर्डात तुमच्या सूचनांपैकी ऐंशी टक्के स्वीकारल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर तो वॉर्ड पुन्हा.

हसू नका. मला माहितीय तुम्ही हसताय.

हृदयरोगाच्या वॉर्डात जे मोठे डॉक्टर आहेत त्यांना आम्ही सगळे नकोसाहेब म्हणतो. चिठ्ठी अर्धी वाचूनच ते पेन काढतात आणि फुली मारतात. एकदा मला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही औषधवाले आता आम्हाला शिकवणार का?" मी हसले. तुमच्या दुकानात सात वर्षं उभी राहून एवढं मात्र शिकले, अपमान झाला की हसायचं. तरीही तो वॉर्ड पार पाडला. ऐंशीच्या वरती. फेब्रुवारीच्या एकवीस तारखेला संपला, आता तपासणीपर्यंत मी मुलांच्या वॉर्डात आहे, इथे टक्के मोजत नाहीत.

इथे सगळं गोडगोड आहे असं नाही. गेल्या आठवड्यात हृदयरोगाच्या वॉर्डातल्या एका सिस्टरला निलंबित केलं. एका म्हाताऱ्या पेशंटला डिजॉक्सिन, हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी, चालू होती. ती द्यायच्या आधी नाडी मोजायची असते, साठच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही. हिने सहासष्ट लिहून गोळी दिली आणि चाळीस मिनिटांत पेशंट कोसळला, नाडी अडतीस. न मोजताच आकडा लिहिला असं म्हणतात. पेशंट अतिदक्षता विभागात आहे, वाचेल बहुतेक. अशी माणसं. आणि तुम्ही मला विचारता, इथे शिकण्यासारखं काय आहे.

दुकानात परत येणार नाही, हे आत्यालाही सांगा.

११ मार्च

बाबा,

दोन वर्षांनंतर तुमचं पहिलं पत्र, आणि त्यात तीन ओळी. "पत्र मिळालं. त्या पेशंटचं क्रिएटिनिन किती होतं? छातीत संसर्ग होता का, त्यासाठी काय चालू होतं? तू वॉर्ड नेमका कुठल्या वारी सोडलास?"

मी कशी आहे, जेवते का, काही नाही. आलात ते थेट उलटतपासणी घेत.

तुम्हाला काय करायचंय त्या पेशंटच्या क्रिएटिनिनशी? किडनीच्या रिपोर्टकडे बघून दुकानातून कधी एक तरी गोळी परत पाठवलीत का? मी एकवीसला वॉर्ड सोडला, शुक्रवारी. तो कोसळला रविवारी. रविवारी मी तिथे नव्हते. झालं समाधान?

आता प्रश्नच विचारायचे तर मीही विचारते. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. तान्ह्या मुलांच्या तापासाठी ते ड्रॉप्स लिहायचे आणि पुढे लिहायचे 'एक चमचा, चार वेळा'. ड्रॉप्स पातळ औषधाच्या चौपट तीव्र असतात हे त्यांच्या कधी डोक्यातच शिरलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही काय करायचात? गुपचूप ड्रॉप्सऐवजी पातळ औषधाची बाटली द्यायचात. वर जाऊन डॉक्टरांना एक शब्द नाही. मलाही नाही. का, तर निम्मं गिऱ्हाईक त्या जिन्यावरून खाली उतरायचं.

मग तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेलात आणि काउंटरवर मी उभी राहिले. पदवी घेऊन एक महिना झाला होता. लिहिलं होतं ते मी दिलं. ड्रॉप्स, एक चमचा, चार वेळा. लेबलवर अक्षर माझं. ते सात महिन्यांचं मूल आठ दिवस दवाखान्यात होतं, यकृत सुजलेलं. मूल वाचलं म्हणून आपण सगळे वाचलो.

त्याचा बाप दुकानात आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. "पोरगी नवीन आहे हो, चुकली. मी असतो तर झालं नसतं." अगदी खरं. तुम्ही असता तर झालं नसतं, कारण तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. मी काउंटरमागे उभी राहून मान खाली घालून ऐकलं. वरचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी खाली येऊन मला म्हणाले, "जरा लक्ष देत जा." आणि तुम्ही त्यांना चहा सांगितलात.

मला पोरकट म्हणा, काही म्हणा. मी या शिक्षणाला आले ती त्या चहामुळे.

१४ मार्च

बाबा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण ते आलं तर त्यात पुन्हा तोच प्रश्न असेल.

क्रिएटिनिन भरती झाला तेव्हा १.१ होतं. बुधवारी सकाळी २.३. छातीत संसर्ग होता, मंगळवारी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू केलं होतं. डिजॉक्सिन पूर्ण डोसमध्ये चालूच होती. किडनीतून बाहेर पडणारी गोळी, किडनी मंदावलेली, आणि वरून गोळीची रक्तातली पातळी चढवणारं दुसरं औषध. तुम्ही तीन ओळींत ओळखलंत. मी बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ओळखलं होतं.

होय. वॉर्डात मी होते. मला दिसलं होतं.

मी चिठ्ठी लिहिली. 'डिजॉक्सिन आज थांबवावी, रक्तातली पातळी तपासावी, क्लॅरिथ्रोमायसिनऐवजी दुसरं अँटिबायोटिक द्यावं.' तारीख, वेळ, सही. क्लिप उघडली. आणि मनात हिशोब झाला. साठ सूचना, अठ्ठेचाळीस स्वीकारलेल्या, बरोबर ऐंशी टक्के. दोन दिवस उरलेले. आधीच्या आठवड्यात याच गोळीबद्दल दुसऱ्या पेशंटसाठी चिठ्ठी लावली होती, तिच्यावर फुली. नकोसाहेब म्हणाले होते, "मी ही गोळी तुझ्या जन्माच्या आधीपासून लिहितोय." आणखी एक फुली म्हणजे अठ्ठ्याहत्तर पॉइंट सात. तीन महिने पुन्हा. तपासणी हुकली. आत्याकडून तुमचा निरोप.

मी ती चिठ्ठी एप्रनच्या खिशात ठेवली. त्याच पेशंटच्या केसपेपरला दुसरी लावली. 'पित्ताचं इंजेक्शन बंद करून तीच गोळी तोंडाने द्यावी.' त्यावर लगेच बरोबरची खूण. एकोणपन्नास. आम्ही सगळे असंच करतो, बाबा. सोप्या चिठ्ठ्या. दुसऱ्या वर्षातल्या मुली पहिल्या वर्षातल्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, "स्वीकारतील तेच लिही." आणि मॅडमना हे माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण रजिस्टर त्याच चढवतात.

वाटलं होतं, मळमळ होईल, उलटी होईल, काहीतरी होईल आणि कुणाच्या तरी लक्षात येईल. गुरुवारी त्याने जेवण परत पाठवलं. शुक्रवारी पण. टाइपरायटर दुरुस्त करायचा तो, आता कुणी टाइपरायटर वापरत नाही म्हणून कुलपं करतो. मला म्हणाला, "मी जन्मभर मशीनला तेल घातलं, तुम्ही मला गोळ्या घालताय. कुणाचं मशीन आधी चालतं बघू." मी हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

काल ती सिस्टर जिन्यात भेटली. साहित्य परत करायला आली होती, हातात एप्रनची पिशवी. सव्वीस वर्षांची असेल. घरी आई आणि शिकणारी बहीण, कमावणारी ही एकटी. मला थांबवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही गोळ्यांतल्या हुशार. एक सांगा ना. सहासष्टची नाडी चाळीस मिनिटांत अडतीस होऊ शकते का? मी मोजली होती हो. पूर्ण मिनिटभर, घड्याळ धरून. पेशंटच्या घरच्या काकूसुद्धा शेजारी बसल्या होत्या."

होऊ शकते. औषध अंगात एवढं साठलं असेल तर कधीही होऊ शकते. मला हे पाठ आहे.

मी म्हणाले, "वाचून सांगते."

ती "बरं" म्हणाली आणि खाली उतरली. वीस तारखेला तिची चौकशी आहे. तिने आकडा खोटा लिहिला असं ठरलं तर नोकरी जाईल आणि नोंदणीही जाईल. मग ती कुठेच सिस्टर राहणार नाही.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. धुवायला टाकताना खिशातून काढून ठेवली.

तुम्हाला का सांगतेय, माहीत नाही. सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून असेल. याला माया समजू नका.

२२ मार्च

बाबा,

तुमचं पत्र एकोणीसला मिळालं. या वेळी दीड पान. तुम्ही एवढं सलग कधी लिहिलं असेल तर ते फक्त औषध कंपन्यांना.

"जे झालं ते झालं. तोंडातून एक अक्षर काढू नकोस. तुझ्या बोलण्याने पेशंटच्या तब्येतीत काही फरक पडणार नाही. सिस्टरला दुसरी नोकरी मिळेल, त्यांना तुटवडा असतो. तुझी दोन वर्षं वाया घालवू नकोस. चिठ्ठी फाडून टाक."

दोन वर्षं ज्या शिक्षणाला तुम्ही फाइल घेऊन फिरणं म्हणत होतात, ते वाचवायचं म्हटल्यावर एकदम दोन मौल्यवान वर्षं झाली. आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तुमचं पत्र वाचून मला पाच मिनिटं बरं वाटलं. हायसं. कुणीतरी मोठ्याने सांगितलं की गप्प बस. त्या पाच मिनिटांचा राग अजून गेलेला नाही.

मी आधी मॅडमकडे गेले. चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, काढून पुन्हा वाचली आणि उठून दार लावलं.

"हे अजून कुणी पाहिलंय?"

"नाही."

"ऐक. तू उद्या चौकशीत सांग की रिपोर्ट बघायचा राहून गेला. लक्षात आलं नाही. शिकताना होतं असं, मी तीन महिने वाढवून देते आणि विषय संपतो. डोस जास्त होता हे रेकॉर्डवर येईल, त्या मुलीलाही फायदा होईल. पण लक्षात आलं आणि मुद्दाम ठेवून दिलं, असं म्हणालीस तर ती चूक राहत नाही. तो शिस्तभंग आहे. मग मी काही करू शकणार नाही."

"पण लक्षात आलं होतं, मॅडम."

"तुला खरं बोलायचंय की पास व्हायचंय?" मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, म्हणाल्या, "टक्के मी ठरवलेले नाहीत. वरून आले."

"रजिस्टर तर तुम्ही चढवता ना?"

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. चिठ्ठी मी उचलून घेतली. त्यांच्या हातात ठेवावीशी वाटली नाही.

चौकशी प्रशासनाच्या खोलीत. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एसी इतका की सिस्टरने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. नकोसाहेब मोबाइल बघत होते. तिला तीन वेळा एकच प्रश्न विचारला, नाडी खरंच मोजली का. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आता तुम्हीच सांगा मी काय म्हणू, म्हणजे एकदाचं लिहून होईल."

मग मला विचारलं. मी औषधांबद्दल साक्ष द्यायला होते, त्या वॉर्डाची माजी प्रशिक्षणार्थी म्हणून. मॅडम समोर बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता.

'राहून गेलं' एवढे दोनच शब्द होते, बाबा. ओठांवर आलेसुद्धा. ते बोलले असते तर सिस्टर सुटली असती, मीही सुटले असते. पण मग पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यात कुणीतरी कुणाला तरी सांगणारच, स्वीकारतील तेच लिही.

मी चिठ्ठी टेबलावर सरकवली. म्हणाले, "मला बुधवारी सकाळी दिसलं होतं. मी लिहिलं होतं. फुली पडेल आणि माझे टक्के ऐंशीच्या खाली जातील म्हणून लावली नाही."

नकोसाहेबांनी मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही सर. माझ्यामुळे. पण तुमच्या फुल्या मोजायच्या असतील तर रजिस्टर आहे."

  अध्यक्षांनी सिस्टरचं निलंबन त्याच बैठकीत मागे घेतलं. माझा निर्णय कळवू म्हणाले.

बाहेर ती भिंतीला टेकून उभी होती. मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "जिन्यात विचारलं होतं मी तुम्हाला, मॅडम. तेव्हा वाचायचं राहिलं होतं ना तुमचं?" आणि रडली नाही, ओरडली नाही, पिशवी उचलून निघून गेली. तिने कानाखाली मारली असती तर सोपं गेलं असतं.

तुमचं पत्र मी फाडलं नाही. ते पुन्हा वाचायची गरज पडेल, एखाद्या दिवशी पुन्हा असंच हायसं वाटावं असं वाटलं तर.

२ एप्रिल

बाबा,

निर्णय आला. प्रशिक्षण रद्द. वर्षभराने नव्याने अर्ज करता येईल, पहिल्या दिवसापासून. खोली पंधरा तारखेपर्यंत सोडायची.

तुमच्या कालच्या पत्रात एकच ओळ आहे, "कधी येतेस, काउंटर रिकामा आहे." जिंकल्यासारखं लिहिलंय की काळजीने, मला कळत नाही. काळजी असेल तर माफ करा. नसेल तर नका करू.

काल अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवलेल्या त्या काकांना भेटायला गेले. उजवा हात थरथरतो, कुलपं आता होणार नाहीत बहुतेक. काकूंनी स्टूल पुढे केलं, त्यांना मी कोण ते माहीत होतं. अख्ख्या इमारतीला माहीत आहे. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "रोज सकाळी वही घेऊन यायचात तुम्ही. माझ्या सगळ्या गोळ्यांची नावं तोंडपाठ. मला वाटायचं, वा, कुणीतरी आहे."  काकू म्हणाल्या, "पाणी घ्या." मी घेतलं.

तिथून निघताना सिस्टर दिसली, औषधांची ट्रॉली घेऊन. कामावर परत आलीय. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माफी मागायला थांबला असाल तर थांबू नका. मला ती नकोय. माझ्या फायलीत मेमो तसाच आहे, 'नाडीची नोंद संशयास्पद'. निलंबन उठलं, कागद नाही उठला. बढतीच्या वेळी तोच निघणार." आणि ट्रॉली पुढच्या खाटेशी नेऊन नाडी मोजायला बसली, घड्याळ धरून, पूर्ण मिनिट. कुणीतरी बघतंय म्हणून नाही. ती तशीच मोजते.

मी प्रशासनात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "तुमचा इथे आता काय संबंध?" मी म्हटलं, मेमो चुकीचा आहे, कोसळण्याआधी मॉनिटरवर काय दिसत होतं त्याची पट्टी मागवा, गोळी दिली त्या वेळचा, सकाळी आठच्या सुमाराचा आकडा त्यात असेल. तो म्हणाला, "अर्ज द्या." दिला. "यावर सही वॉर्डाच्या डॉक्टरांची लागेल." म्हणजे नकोसाहेबांची.

आज सकाळी त्यांच्या दाराशी दीड तास उभी होते. बाहेर आले, अर्ज वाचला, या वेळी पूर्ण वाचला. "उद्या या" म्हणाले. फुली मारली नाही, सहीही केली नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की आत्ता येत नाही. पंधरापर्यंत खोली आहे, त्यानंतर बघेन. उद्या नऊला मी पुन्हा त्याच दाराशी असेन, आणि त्यांनी परवा या म्हटलं तर परवाही. तो मेमो तिच्या फायलीतून निघेपर्यंत तुम्ही काउंटर सांभाळा.